पुन्हा चावली तर? एका अंदाजाची कुळकथा

गांधीलमाशी चावून अंगभर पित्त उठलं, की घरातलं कुणीतरी बजावतंच, "पुढच्या वेळी जिवावर बेतेल." या भीतीचं मूळ फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांच्यापाशी दाखवतात. समुद्रफुलाच्या विषाचा पहिला डोस पचवलेले त्यांचे कुत्रे दुसऱ्या, अगदी थोड्या डोसाने मेले. १९१३ साली नोबेल मिळालं.

मला हे कूळ मान्य नाही. कुत्र्याला सुईने विष टोचणं वेगळं, माणसाला माशी चावणं वेगळं. माझ्या मते पुढचा डंख किती धोक्याचा, या अंदाजाचा खरा मूळपुरुष १९७८ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या एका चाचणीत सापडतो. आणि तोही औषधाच्या नव्हे, लटक्या सुईच्या गटात.

त्याआधी जवळजवळ अर्धशतक डॉक्टर अख्ख्या माशा वाटून त्यांचा अर्क टोचत होते. गुण येतोय असं वाटायचं. मेरी लव्हलेस १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्वतः विषपिशव्या काढून सांगत होत्या की टोचायचं ते विष. फारसं कुणी ऐकलं नाही. जिवंत माशांचे डंख त्यांनीही रुग्णांना देऊन पाहिले होते, म्हणून काहीजण मूळपुरुषाचा मान त्यांना देतील. पण तुलनेला बिनउपचाराचा गट नव्हता.

तो जॉन्स हॉपकिन्सच्या चाचणीत हंट, लिख्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ठेवला. मग मुद्दाम डंख दिले. विष टोचलेल्या १८ जणांपैकी एकालाच अंगभर त्रास झाला, वाटलेल्या माशांच्या गटात ११ पैकी ७ जणांना, लटक्या सुईच्या गटात १२ पैकी ७ जणांना.

सगळे ही विषाच्या लसीची विजयकथा म्हणून सांगतात. माझी नजर मात्र शेवटच्या गटातल्या उरलेल्या पाचांवर अडते. ॲलर्जी पक्की, उपचार शून्य, तरी अंगभर काही झालं नाही! माशांच्या अर्काला इतकी वर्षं यश मिळालं ते अशाच नशीबवानांच्या जिवावर. बारा जणांवर एवढा इमला कसा, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढच्या अभ्यासांनी हा इमला पाडला नाही. मोठ्यांना अंगभर तीव्र त्रास झाला असेल, तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण निम्मी. लहान मुलाला नुसतं पित्त उठलं असेल, तर दहात एक. त्वचेच्या चाचणीतली गांध किती मोठी, यावरून पुढचा त्रास किती तीव्र ते कळत नाही; रक्तातलं ट्रिप्टेज नावाचं विकर एरवीही जास्त असेल, तर मात्र धोका वाढतो.

तेव्हा डंखानंतर धाप लागली, चक्कर आली, तर आधी दवाखाना गाठा. आणि सावरल्यावर ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन ट्रिप्टेजची तपासणी आवर्जून मागा.