पळसापासून पुडीपर्यंत

फाल्गुनात पांढरकवड्याच्या रानात पळस पेटतो. फुलं पाण्यात उकळली, रात्रभर ठेवली, की सकाळी केशरी रंग तयार. यवतमाळकडची जुनी होळी यावरच रंगायची. कुंकवाचं मूळही हळदीतच. चुना किंवा टाकणखार लागला की ती लाल होते.

१८५६ मध्ये लंडनला पर्किन या रसायनतज्ज्ञाच्या हाती डांबरातून जांभळा रंग लागला आणि रंगांचा हा संसार पालटला. पुडीतला कृत्रिम रंग स्वस्त, भडक, शिवाय कष्ट वाचवणारा. कुणाला नको होता?

खाज मागाहून आली. दोष रंगाचा की उन्हाचा, हे ठरवायचं कसं? १८९५ मध्ये यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने मांडलेली पट्टीची चाचणी आजही चालते. संशयित द्रव्य पाठीवर चिकटवायचं, ४८ तासांनी काढायचं, दोनेक दिवसांनी पुन्हा पाहायचं. ॲलर्जी सावकाश उमटते. जपानमध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे बायकांच्या चेहऱ्यांवर काळपट डाग पडत, त्यामागचं सुदान-१ हे कृत्रिम रंगद्रव्य अशाच पट्ट्यांनी उघडं पाडलं. कपाळ काळवंडवणाऱ्या कुंकवाच्या बाबतीतही पुढे संशय याच जातीच्या रंगांवर गेला.

नव्या रसायनाने ॲलर्जी होते का, याची परीक्षा आधी गिनीपिगवर होई. नंतर ते उंदराच्या कानाला लावून जवळच्या लसिका ग्रंथीतल्या पेशी किती वाढल्या, ते मोजू लागले.