ई-१ वाहिनीतील चौकट आणि त्रुटींची देखरेख

ई-१ ही अनेक दूरध्वनी संभाषणे अंकीय स्वरूपात एकत्र वाहून नेणारी प्रेषणपद्धती आहे. तिचा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट असतो. युरोपात प्रमाणित झालेली ही पद्धती भारतातही स्वीकारली गेली. अमेरिकेत १९६२ साली सेवेत आलेली टी-१ पद्धती तिच्याहून वेगळी आहे.

चौकट

आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडला जातो. ३२ कालखंडांचे प्रत्येकी ८, असे २५६ बिट मिळून एक चौकट, म्हणजेच फ्रेम, होते. ती १२५ मायक्रोसेकंदांत पाठवली जाते. कालखंडांचे क्रमांक ० ते ३१ असतात. त्यांपैकी ३० संभाषणांसाठी असून १६ क्रमांकाचा कालखंड सामान्यतः संकेतनासाठी राखलेला असतो. ० क्रमांकाचा कालखंड चौकटीच्या व्यवस्थेसाठी असतो.

ग्राहक यंत्राकडे बिटांचा अखंड प्रवाह येतो. त्यात चौकट कोठे सुरू झाली हे वेगळे दाखवलेले नसते. जुन्या मोडी कागदांत शब्द न तोडता सलग लिहीत, तेव्हा वाचणाऱ्यालाच शब्दाची सुरुवात शोधावी लागे. तशीच ही अडचण आहे. म्हणून एकाआड एक चौकटीच्या शून्य कालखंडात ००११०११ ही खूण पाठवतात. मधल्या चौकटीत त्याच कालखंडाचा दुसरा बिट नेहमी १ असतो, त्यामुळे तेथे ही खूण उमटू शकत नाही. खूण, मग १, मग पुन्हा खूण असा क्रम मिळाला की चौकट जुळली असे मानतात. लागोपाठ तीन वेळा खूण चुकली तर जुळणी सुटली असे समजून शोध नव्याने सुरू होतो आणि मधल्या चौकटीतील तिसऱ्या बिटाने पलीकडच्या टोकाला धोक्याची सूचना दिली जाते.

खोटी जुळणी

संगणकीय माहितीत हाच क्रम योगायोगाने पुन्हापुन्हा येऊ शकतो. तसे झाल्यास यंत्र भलत्याच जागी चौकट जुळवते, सर्व कालखंड सरकतात, आणि तरीही यंत्राच्या दृष्टीने सारे सुरळीत असते. उघड बिघाडापेक्षा हा प्रकार अधिक त्रासदायक, कारण धोक्याची सूचनाच मिळत नाही.

सीआरसी-४

यावरील उपाय म्हणजे सीआरसी-४ ही तपासणी. १६ चौकटींचा गट करून त्याचे ८-८ चौकटींचे दोन भाग पाडतात. प्रत्येक भागात २,०४८ बिट असतात. प्रेषक यंत्र या बिटांना १००११ या ठरलेल्या भाजकाने, हातचा न घेता, भागते आणि चार बिटांची बाकी पुढील भागात पाठवते. खूण असलेल्या चार चौकटींच्या शून्य कालखंडातील पहिला बिट यासाठी वापरतात. ग्राहक यंत्र तोच भागाकार करून बाकी पडताळते. अशा तपासण्या सेकंदाला १,००० होतात.

चार बिटांच्या बाक्या १६ प्रकारच्या असतात. त्यामुळे पूर्ण विस्कटलेला भागही सोळांतून एकदा बरोबर ठरू शकतो. जुळणी खोटी असेल तर हजारांपैकी सुमारे ९३७ तपासण्या फसतील. म्हणून एका सेकंदात ९१५ किंवा अधिक तपासण्या फसल्या, तर जुळणीच चुकीची मानून शोध पुन्हा सुरू करतात. हजार बिटांमागे एक चूक करणारी खराब वाहिनीसुद्धा सहसा या आकड्यापर्यंत पोहोचत नाही.

केवळ खुणेवरून चुका मोजल्या तर सेकंदाला फक्त २८,००० बिट तपासले जातात. सीआरसी-४ मुळे सगळेच बिट तपासाखाली येतात आणि त्यासाठी चालू संभाषणे थांबवावी लागत नाहीत. गटातील दोन बिट, ज्यांना ई बिट म्हणतात, चूक आढळल्याचे उलट दिशेने कळवतात. त्यामुळे आपण पाठवलेले नीट पोहोचते का, हे प्रेषकाला समजते. मात्र ही तपासणी चूक दाखवते, दुरुस्त करत नाही.

टी-१ च्या विस्तारित चौकटरचनेत २४ चौकटींमागे मिळणाऱ्या २४ बिटांपैकी ६ जुळणीला, ६ सीआरसी-६ ला आणि १२ देखभालीच्या संदेशांना दिलेले असतात.

वाटेतील एखादे उपकरण शून्य कालखंड नव्याने तयार करत असेल, तर बाकीही तेथे नव्याने काढली जाते. अशा ठिकाणी शेवटच्या टोकावरील नोंद फक्त अखेरच्या टप्प्यातील चुका दाखवते. आधीच्या टप्प्यांच्या नोंदी त्या-त्या उपकरणावर पाहाव्या लागतात.