घोंगडीची खोळ

आजीला सन कळत नसत. तिच्या वाऱ्यांची नावं पावसानं ठेवलेली होती. चिखलाची वारी, कोरडी वारी, घाटात काकडलो ती वारी. एका वारीची मात्र तिला तारीखसुद्धा पाठ होती, १२ जुलै १९६१. तिथपर्यंत यायला ती फार वेळ लावायची. आधी घोंगडीचं पुराण व्हायचं.

आमचं गाव मावळातलं. भातलावणीला बायका इरली घेत. कामट्यांच्या सांगाड्यावर पानं दाबून केलेलं छप्परच ते, पाठीवर वागवायचं. वारीला मात्र घोंगडी. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पहिला तासभर पाणी वरच्या वर निथळतं. मग लोकर पाणी प्यायला लागते आणि संध्याकाळपर्यंत खांद्यावर घोंगडी आहे की भिजलेलं मेंढरू, हे कळेनासं होतं. आधी वीणा झाकायची, मग मृदंग, उरलं तर स्वतःचं डोकं. मृदंग सर्दावला की भजनच बसतं. आता सगळे 'कागद' घेतात. कागद म्हणजे प्लास्टिक. वारीत कुणी त्याला दुसरं काही म्हणत नाही. मीही दिवे घाट चढलो तो कागद पांघरूनच. घोंगडीचं कौतुक मी फक्त ऐकलेल्या गोष्टींच्या जोरावर करतो आहे.

वारीतली पालखी तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा बांधला हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. हे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिलेले गृहस्थ. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, निघण्याची वेळ, सगळ्याला फौजेची शिस्त दिसते ती त्यामुळे असावी. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आले आणि माउलींसाठी तंबू आला. पहाटे तीन कर्णे होतात. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. रात्रभर राहुटीभोवती चर खणत जागलेल्या माणसाला तो पहिला कर्णा कसा वाटत असेल, ते आजीनं एकदाच सांगितलं होतं. इथं लिहिण्यासारखं नाही.

या वाटेचा पाऊसही चमत्कारिक. दिवे घाटापर्यंत सह्याद्रीचं पाणी अंगावर येतं. नीरा ओलांडून फलटणची वाट धरली की तेच ढग नुसते माथ्यावरून पळतात. भिजलेली माणसं चार दिवसांत धुळीत येतात. मग मावळातली मंडळी विसाव्याला बसली की तोंडं पश्चिमेकडं. घाटात ज्याला शिव्या घातल्या, तो घरी रोपांवर पडतोय ना, याची काळजी.

त्या वर्षी ती काळजी नव्हती. पाऊस रग्गड होता. पालखी पुण्यात असताना दिंडीतली आमची माणसं नारायण पेठेत, आजीच्या थोरल्या बहिणीकडं जेवली. नदी तिथून हाकेवर. घरातून निघताना बहिणीनं आजीच्या पदरात वाळकी सुंठ बांधली. मग दिवे घाट झाला, सासवड मागं पडलं, आणि १२ जुलैला सकाळी पानशेतचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. दुपारी पेठांमधून पाणी फिरत होतं.

तळावर बातमी आली ती एसटीतून उतरलेल्या कुणाच्या तरी तोंडून, आणि एवढीच, की पुणं वाहून गेलं. रात्री समाजआरती झाली. चोपदारानं चोप उंचावला की अख्खा तळ गप्प होतो आणि मग हरवल्या-सापडल्याचं पुकारतात. कुणाची टाळजोडी, कुणाची पिशवी. आजी म्हणायची, "मी नुसती ऐकत हुते. माझं काय हरावलं त्येच कुणाला ठावं नाय, मग पुकारणार काय?"

पहाटे पहिल्या कर्ण्याला आजोबा उठले आणि पुण्याच्या बाजूला चालू लागले. आजीला म्हणाले, "तू दिंडी सोडू नको." बस्स. पुढं वाखरीला ते एसटीनं येऊन भेटले. बहिणीची माणसं जिवंत होती, एका शाळेत होती, घर खांबापुरतं उरलं होतं. आजोबांच्या अंगावर घोंगडी नव्हती. आजीनं विचारलं तर म्हणाले, "हरावली."

दिंडीतल्या काहींनी ती वारी मोजली नाही. मधली वाट चुकली ना. आजोबांनीही कधी हुज्जत घातली नाही. कुणी वाऱ्यांचा आकडा विचारला की स्वतःच एक वजा करून सांगायचे. मला त्या हिशेबाचा अजून राग येतो.

आजोबा गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात आजी बहिणीकडं राहायला गेली होती, तिच्याबरोबर मी. घर आता नदीपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर. रात्री गारठा पडला तेव्हा बहिणीनं पेटीतून एक काळी घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली. खालच्या काठाला वीतभर उंचीपर्यंत गाळाचा करडा पट्टा होता, धुऊन धुऊन न गेलेला. आजीनं काठ हातात घेतला, कोपऱ्यातला लाल दोऱ्याचा टाका अंगठ्यानं चाचपला. तो तिनंच घातलेला होता.

"ही कधीपासून तुझ्याकडं?" तिनं विचारलं.

"तुझ्या मालकानं शाळेत आणून दिली हुती. म्हणले, माझ्याकडं दुसरी हाय."

आजी काही बोलली नाही. दिवा मालवला आणि घोंगडीची दुसरी बाजू ओढून माझ्याशेजारी निजली.