सेफ्टनच्या विवाहनोंदी

जुन्या लँकाशायर परगण्याच्या सपाट किनारपट्टीवर सेफ्टन हा प्राचीन धर्मग्राम आहे. त्यातील लिटल क्रॉस्बी गाव धर्मछळाच्या काळातही बहुतांशी कॅथलिकच राहिले. चर्चच्या आवारात मृतांना जागा नाकारली गेली, तेव्हा १६११ साली विल्यम ब्लंडेल यांनी स्वतःच्या जमिनीत दफनभूमी आखून दिली.

विवाहाची अडचण पुढच्या शतकातली. १७५४ पासून क्वेकर व ज्यू वगळता सर्वांचा विवाह अँग्लिकन चर्चमध्ये झाला तरच कायदेशीर ठरे. १८३७ पर्यंत हेच चालले. परवान्याविना वा जाहीर पुकाराविना लग्न लावणाऱ्या धर्मगुरूला चौदा वर्षे हद्दपारीची शिक्षा होती. म्हणून अनेक कॅथलिक वधूवर आपल्या धर्मगुरूंपुढे संस्कार घेत आणि सही मात्र परक्या वहीत करीत. त्या सह्या पाहून त्यांना धर्मत्यागी ठरविण्याची घाई कोणी करू नये, असे आम्हांस वाटते. ज्यांना लिहिता येत नसे, ते नावापुढे नुसती फुली काढीत.