कोकी

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरील एक लहान वृक्षवासी बेडूक. शास्त्रीय नाव एल्युथेरोडॅक्टिलस कोकी. नर सु. ३.५ सेंमी., तर मादी सु. ४ सेंमी. लांब असते. रंग तपकिरी किंवा करडा असून बोटांना पडदे नसतात; मात्र टोकांवरील चकत्यांमुळे त्याला पानाखोडांवर सहज चढता येते. एल युंके येथील वर्षावनात अनेक कोकी रात्री झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतात आणि पहाटे हातपाय पसरून खाली झेपावतात.

अंधार पडला की नर ‘को-की’ असे ओरडू लागतो; त्यावरूनच त्याला हे नाव पडले. अर्ध्या मीटरवर हा आवाज सु. ९० डेसिबेल भरतो. ‘को’ इतर नरांना हद्दीबाहेर ठेवतो, ‘की’ मादीला बोलावतो. नर व मादी यांच्या कानांची संवेदनक्षमताही याला अनुरूप वेगवेगळी असल्याचे नॅरिन्स व कॅप्रानिका या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवले. मादी गुंडाळलेल्या वाळक्या पानांत अंडी घालते. नर त्यांवर बसून ती ओलसर ठेवतो आणि राखतो. भैकेर अवस्था नसते; अंड्यातून थेट इवलेसे बेडूकच बाहेर पडतात. सह्याद्रीतील झुडपी बेडकांतही असाच थेट विकास आढळतो.

कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी ताइनो लोकांच्या कथांत बेडकांना मोठे स्थान होते. रामोन पाने या धर्मगुरूने पंधराव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावर नोंदवलेल्या कथेत गुआहायोना हा कथानायक बायकांना दूर नेतो. ओढ्याकाठी मागे राहिलेली मुले भुकेने आईला हाका मारता मारता बेडूक होतात. प्वेर्तो रिकोतील काग्वाना येथील शिलाचित्रांत बेडकासारखे पाय दुमडलेली स्त्री कोरलेली आहे.

आज कोकी हे प्वेर्तो रिकन अस्मितेचे चिन्ह आहे. अस्सल इथला माणूस ‘कोकीसारखा इथलाच’ म्हणवतो. बेट सोडले की कोकी मरतो किंवा मुका होतो, असा लोकसमज आहे. प्रत्यक्षात १९८० च्या दशकाअखेरीस तो रोपवाटिकांतील कुंड्यांतून हवाईत पोहोचला. तेथे मूळचे बेडूक नाहीत आणि त्याला खाणारे प्राणीही कमी. त्यामुळे काही ठिकाणी त्याची संख्या मायभूमीपेक्षाही दाट झाली. झोप मोडणारा उपद्रवी जीव म्हणून तेथे त्याच्यावर सायट्रिक आम्ल फवारतात. उलट, प्वेर्तो रिकोतच राहिलेला त्याचा भाईबंद सोनेरी कोकी (एल्युथेरोडॅक्टिलस जॅस्पेरी) १९८१ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही.