धमनी, रोहिणी आणि विलेपी : एका विकाराच्या संज्ञांचा इतिहास

विकाराचे नाव हे पुष्कळदा त्या विकाराविषयी त्या काळाने केलेले अनुमान असते. हृदयातून रक्त वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भित्तीत मेद साचून जो विकार उद्भवतो, त्याच्या संज्ञांचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

प्रथम नलिकेचेच नाव पाहू. संस्कृत ‘धमनी’ हा शब्द फुंकणे या अर्थाच्या ‘ध्मा’ धातूशी संबद्ध आहे. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा शब्दही पूर्वी श्वासनलिकेस लावीत. मृत शरीरात या नलिका बहुधा रित्या आढळतात, त्यामुळे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एरासिस्ट्राटसने त्यांतून वायुरूप प्राणतत्त्व वाहते, असे प्रतिपादिले. इ. स. दुसऱ्या शतकात गेलेनने जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून त्यांत रक्तच असते, हे दाखविले. समजूत गेली, नाव मात्र राहिले. मराठी वैद्यकीय परिभाषेत ‘धमनी’बरोबर ‘रोहिणी’ हा शब्दही रूढ झाला. सुश्रुतसंहितेत रक्त वाहणाऱ्या सिरांना रोहिणी आणि पित्त वाहणाऱ्या सिरांना नीला म्हटले आहे. अर्वाचीन मराठीने ही नावे घेतली, परंतु त्यांचे अर्थ नव्याने ठरविले.

आता विकाराकडे वळू. 1755 मध्ये हालरने भित्तीतील मऊ, पिवळसर संचयास ‘अथेरोमा’ हे नाव योजिले. ग्रीक ‘अथेरे’ म्हणजे पेज किंवा लापशी. पुढे लोबस्टाइनने काठिण्यावर भर देणारी ‘आर्टेरिओस्क्लेरोसिस’ ही संज्ञा काढली, आणि 1904 मध्ये फेलिक्स मार्शांड याने पेज व काठिण्य या दोहोंची सांगड घालून ‘अथेरोस्क्लेरोसिस’ हा शब्द रूढ केला.

कारणाविषयी मात्र मतैक्य नव्हते. रक्तातील द्रव्ये अंतःस्तरावर जमतात, असे रोकिटान्स्कीचे मत होते. उलट 1856 मध्ये फिर्खोने हा भित्तीचाच दाह आहे, असे मांडले. 1913 मध्ये अनिच्कोव्हने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घालून हा विकार उत्पन्न केला. या प्रयोगाचे महत्त्व निर्विवाद होय. परंतु त्यातून ‘नळात साचलेला गाळ’ ही सोपी प्रतिमा लोकमानसात दृढ झाली.

वस्तुस्थिती निराळी आहे. कोलेस्टेरॉल वाहणारे मेदकण अंतःस्तराच्या आत शिरून तेथे अडकतात. त्यांच्यात रासायनिक बदल होतात, तेव्हा रक्तातील श्वेतपेशी त्यांच्यामागे भित्तीत येतात, ते कण गिळून फेसाळ दिसू लागतात व तेथेच मरतात. स्नायुपेशी त्या राशीवर तंतुमय आवरण घालतात. प्रारंभी भित्ती बाहेरच्या बाजूस फुगते, म्हणून रक्ताचा मार्ग दीर्घकाळ मोकळाच दिसतो. एके दिवशी ते आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि मार्ग अकस्मात बंद होतो. 1999 मध्ये रसेल रॉसने या विकारास दाहजन्य म्हटले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह शमविणाऱ्या औषधानेही हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे आढळले. अर्थात फिर्खो व अनिच्कोव्ह हे दोघेही सत्याचा एकेक अंश सांगत होते.

मराठी विश्वकोशातील ‘रोहिणीविलेपी विकार’ ही संज्ञा या संदर्भात लक्षणीय आहे. ‘विलेप’ म्हणजे लेप. पण आयुर्वेदीय पाककल्पनेत ‘विलेपी’ म्हणजे घट्ट पेज, म्हणजेच नेमकी ग्रीक ‘अथेरे’. पहिला अर्थ घेतला तर विकार पृष्ठभागावरचा भासतो. दुसरा घेतला तर तो भित्तीच्या आतला ठरतो. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ज्याला विकार म्हणजे नळातला गाळ वाटतो, तो वेदना नाही म्हणून विकारही नाही, असे मानून निश्चिंत राहतो. परिभाषाकारावर पडणारी जबाबदारी ती हीच.