वीज आधी दिसते, मग गडगडाट उशिरा का ऐकू येतो?

प्रश्न : वीज आणि गडगडाट एकाच वेळी होतात का?
उत्तर : हो. विजेच्या मार्गातली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि झपाट्याने प्रसरण पावते. त्याचाच आवाज म्हणजे गडगडाट.

प्रश्न : मग आवाज उशिरा का येतो?
उत्तर : प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, तर ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटरच. म्हणून आवाज मागे पडतो.

प्रश्न : वीज किती लांब पडली, हे कसे ओळखायचे?
उत्तर : वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि त्यांना ३ ने भागा. ९ सेकंद म्हणजे साधारण ३ किलोमीटर.

प्रश्न : ३ किलोमीटर लांब म्हणजे आपण सुरक्षित का?
उत्तर : नाही! पुढची वीज तुमच्याजवळही पडू शकते. आवाज ३० सेकंदांच्या आत आला, तर शेत किंवा मैदान सोडून लगेच पक्क्या घरात जा. झाडाखाली आडोसा घेऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच थांबा.